"द्यावं लागलं" आणि "देणं लागतो": कायदा पाळण्यामागचं खरं कारण

प्रश्न कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा आहे. वर्गात त्याला शिकवलंय की कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, आणि आज्ञा मोडली की शिक्षा. त्याची शंका अशी: शिक्षेची भीती काढून घेतली तर कायद्यात काय उरतं? आणि लोक कायदा पाळतात ते शेवटी पोलिसाच्या काठीमुळेच ना?

मी तालुक्याच्या कोर्टात एकतीस वर्षं दिवाणी वकिली करतो आहे. वाटपाचे दावे, वारस नोंदी, साठेखतं (म्हणजे पुढे विक्री करण्याचे करार), मृत्युपत्रं, उधारीची वसुली. फौजदारी काम मी फारसं घेत नाही. हे आधी सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर माणूस कोर्टाच्या कुठल्या खोलीत बसतो त्यावर बरंच ठरतं. दिवसभर जामिनाचे अर्ज ऐकणाऱ्याला कायदा म्हणजे काठी वाटणं साहजिक आहे. माझ्या खोलीत काठी जवळजवळ नसतेच, आणि कायदा मात्र पहिल्या कागदापासून हजर असतो.

वर्गातली ती व्याख्या जॉन ऑस्टिन या इंग्लिश विधिज्ञाची, १८३२ सालची. तिच्यावरचा सगळ्यात नेमका घाव १९६१ मध्ये हर्बर्ट हार्ट या इंग्लिश विधितत्त्वज्ञांनी घातला. त्यांचा मुद्दा साधा होता. दरोडेखोर बंदूक रोखून पैसे मागतो तेव्हाही आज्ञा असते, धाक असतो, आणि आपण मुकाट्याने पैसे देतो. पण म्हणून ते पैसे देणं हे आपलं कर्तव्य होतं असं कुणी म्हणत नाही. मग कर वसूल करणारं सरकार आणि तो दरोडेखोर यांत फरक कोणता? नुसती आज्ञा आणि शिक्षा एवढंच धरलं तर फरक सापडतच नाही.

हार्ट यांना हे समजावायला पानंच्या पानं लागली. आपल्या भाषेत दोन क्रियापदांत ते बसतं. दरोडेखोराला पैसे "द्यावे लागले". दुकानदाराचे पैसे मी "देणं लागतो". दोन्हीकडे "लागणे" आहे, पण पहिल्यात बाहेरचा जोर आहे आणि दुसऱ्यात नातं आहे. कुणी मागायला आलं नाही, धमकावलं नाही, तरी देणं लागतोच. कायद्याचा नियम जिथे खऱ्या अर्थाने जिवंत असतो तिथे तो दुसऱ्या प्रकारचा असतो. जिथे तो फक्त पहिल्या प्रकारचा उरतो, तिथे पोलीस वळला की नियमही वळतो.

हे नुसतं शब्दांचं म्हणणं वाटू नये म्हणून एक प्रकरण सांगतो. कीटकनाशकं आणि खतं विकणारा एक दुकानदार माझ्याकडे आला. एका शेतकऱ्याकडे त्याची उधारी होती, शेतकरी वारला, आणि शेवटच्या खरेदीला चार वर्षं होऊन गेली होती. मी त्याला सांगितलं, दावा चालणार नाही. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा वसुलीला तीन वर्षं, आणि मधे ना काही रक्कम जमा झाली होती ना मयताने लेखी कबुली दिली होती. मुलगा वारस म्हणून मिळालेल्या मिळकतीपुरता जबाबदार धरता आला असता, पण मुदतच संपल्यावर तेही दार बंद. पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे हिंदू मुलाचं धार्मिक कर्तव्य आहे, एवढ्या आधारावरही कोर्टात जाता येत होतं. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांसाठी हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो आधारही काढून टाकला आहे. म्हणजे दुकानदाराच्या हातात काहीही नव्हतं. तो उठून गेला.

त्याच वर्षी सोयाबीनचे पैसे आल्यावर धाकट्या मुलाने सगळी उधारी चुकती केली. थोरला नको म्हणत होता, त्याने कुणा वकिलाकडून मुदतीचं ऐकलं होतं. धाकट्याचं म्हणणं एवढंच होतं की औषध आपल्याच रानात फवारलं ना. दुकानदार हे मला सांगायला मुद्दाम आला होता.

विद्यार्थी म्हणेल, हे नीतीचं उदाहरण झालं, कायद्याचं नव्हे. तसं नाही, आणि इथेच या प्रकरणाची गंमत वाटण्यापेक्षा त्यातलं सत्य पाहावं. मुदत संपली म्हणजे कर्ज संपलं, असं कायदाही म्हणत नाही. मुदत दाव्याचा मार्ग बंद करते, देणं तसंच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने हे पन्नासच्या दशकातच सांगितलं आहे. मुदतबाह्य कर्ज कुणी फेडलं आणि नंतर "चुकून दिले, परत द्या" म्हणाला तर कोर्ट परत देववत नाही. करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे, ऋणको कोणत्या कर्जापोटी पैसे देतोय हे सांगितलं नसेल तर धनको ते मुदत गेलेल्या कर्जाकडेही वळवू शकतो. आणि कलम २५(३) प्रमाणे असं जुनं कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन दिलं तर ते वचन नव्याने बंधनकारक होतं. करार कायदा १८७२ चा. म्हणजे दीडशे वर्षं आपला कायदा हे मान्य करत आला आहे की वसुलीची ताकद गेली तरी देणं हे देणंच राहतं. कायदा म्हणजे फक्त काठी असती तर "वसूल न होणारं कायदेशीर देणं" हे शब्दच अर्थहीन ठरले असते.

दुसरी गोष्ट. कायद्याचे पुष्कळ नियम आज्ञा देतच नाहीत. मृत्युपत्र करा असं कोणताही कायदा सांगत नाही. केलंत तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. माझ्याकडे एकदा एक मृत्युपत्र आलं, वहीच्या पानावर, सुंदर अक्षरात, खाली वडिलांची सही आणि एकच साक्षीदार. वडिलांनी कोणताही गुन्हा केला नव्हता, कुणाला दंड झाला नाही. फक्त त्या कागदाने काहीच घडलं नाही. ज्या सुनेने अकरा वर्षं सेवा केली तिला द्यायचं घर साध्या वारसा हक्काने तीन मुलांत वाटलं गेलं. अशा नियमांना शिक्षेच्या चौकटीत बसवायला जाल तर ओढाताण होते. ते नियम माणसाच्या हातात एक शक्ती देतात: मी गेल्यावरही माझा शब्द चालेल. ही शक्ती हवी असेल तर तिची रीत पाळावी लागते. लोक ही रीत पाळतात ती भीतीने नव्हे, आपलं काम व्हावं म्हणून. लग्न, भागीदारी, खरेदीखत, दत्तक, सगळं याच जातीचं.

भीती काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणं हा गुन्हा झाला, आता शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर खटला टळतो, आणि त्या पंधरा दिवसांत पैसे घेऊन धावत येणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ते "द्यावं लागलं" या जातीचं देणं आहे आणि त्याची किंमतही आपण मोजली: हात उसने देताना सहीचा कोरा चेक ठेवून घेण्याची पद्धत गावोगाव पडली आणि कोर्टं अशा खटल्यांनी भरली. धाकाला सतत पहारा लागतो. पहारा महाग असतो.

आता कायदा उघड मोडला जातो तिथे जाऊ, कारण माणसं कायदा का पाळतात हे मला सर्वांत जास्त तिथेच शिकायला मिळालं.

१९४७ चा तुकडेबंदी कायदा. हेतू चांगला होता: शेतीचे इतके लहान तुकडे पडू नयेत की कसणं परवडणार नाही. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (त्या भागासाठी सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा) लहान तुकडा लगतच्या खातेदाराशिवाय कुणाला विकता येणार नाही, विकला तर व्यवहार रद्दबातल. मूळ कायद्यातला दंड अडीचशे रुपयांपर्यंतचा. पुढे शहरं वाढली. कारखान्यात, बाजार समितीत, बांधकामावर काम करणाऱ्या माणसाला गावाच्या कडेला गुंठा-दीड गुंठा जागा हवी होती, घर बांधायला. रीतसर बिनशेती केलेला प्लॉट त्याला परवडत नव्हता. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते. दोघांची गरज खरी, आणि कायद्यात त्या गरजेसाठी जागा नव्हती. मग गुंठेवारी झाली, म्हणजे शेतजमीन गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आणला, २०१७ मध्ये तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती करून बाजारभावाच्या काही टक्के रक्कम भरून असे व्यवहार नियमित करण्याची वाट ठेवली. म्हणजे शेवटी नियमच माणसांच्या मागे चालत गेला.

मला सांगायचंय ते त्या व्यवहारांच्या कागदाबद्दल. खरेदीखत नोंदवता येत नाही हे दोघांनाही माहीत. तरी ते काय करतात? शंभराचा स्टॅम्प आणतात, आता पाचशेचा. वर "लिहून घेणार", "लिहून देणार". मग चतुःसीमा: पूर्वेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस रस्ता. मग "सदर मिळकतीवर माझे वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही". दोन साक्षीदार, दोघांचे फोटो, अंगठे, नोटरीचा लाल गोल शिक्का. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट सांगतं की शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. आणि साठेखत किंवा मुखत्यारपत्राच्या आधाराने केलेल्या विक्रीने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. त्या नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. पण तो कागद लोक कपाटात, सोन्याच्या डबीशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. शिक्षेच्या भीतीने कायदा पाळणारा माणूस, भीती नाही म्हटल्यावर कायद्याचे सगळे सोपस्कार इतक्या निष्ठेने का करेल?

कारण त्याला जे हवंय ते फक्त कायद्याच्या रूपात मिळतं असं त्याला कळलेलं आहे. त्याला जागा नकोय फक्त, "ही जागा माझी" हे दुसऱ्यांनी मानायला हवंय, आणि उद्या विकणाऱ्याची नियत फिरली तर दाखवायला काहीतरी हवंय. नियम ही अशी वस्तू आहे. तो दोन माणसांत नसतो, त्याला तिसरा लागतो. साक्षीदार, शिक्का, चतुःसीमेतला शेजारी, हे सगळे त्या तिसऱ्याचे हात-पाय आहेत. आणि वर्षानुवर्षं हे चालतंसुद्धा. घरपट्टीची पावती त्याच्या नावाने येते, विजेचं मीटर बसतं, शेजारी त्याच्या भिंतीला भिंत लावताना त्याला विचारतो. गल्लीच्या दृष्टीने तो मालक असतो.

मग मूळ मालक वारतो, सातबारावर मुलांची नावं लागतात, आणि एक दिवस मुलगा म्हणतो, सातबारा माझ्या नावावर आहे. किंवा मुलीच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज काढायला बँकेत गेल्यावर कळतं. असे लोक माझ्यासमोर तो प्लास्टिकच्या पिशवीतला कागद उलगडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कायदा मोडल्याचा भाव नसतो. आपण सगळं नियमाने केलं आणि नियमाने आपल्याला सोडून दिलं, असं त्यांना मनापासून वाटत असतं. मला त्या क्षणी त्यांचा राग कधीच आला नाही. राग येतो तो ज्यांना हे कळत होतं आणि तरी जे टाइप करून देत राहिले त्यांचा.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. कायदा वाचून कुणीच पाळत नाही. "कायद्याचं अज्ञान ही सबब नाही" हे तत्त्व कोर्टापुरतं ठीक आहे, पण माणसाला कायदा कळतो तो मुद्रांक विक्रेत्याकडून, तलाठ्याकडून, मेव्हण्याकडून, गावात आधी कुणीतरी तसंच केलं होतं त्यावरून. रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो ती समोरचाही तेच करणार हे धरून चालवतो. तसंच हे आहे. म्हणून एखादा नियम लोक पाळत नाहीत असं दिसलं की मी आधी विचारतो, त्यांना तो कुणी सांगितला, आणि त्या जागी ते कोणता दुसरा नियम पाळताहेत? नियमाशिवाय कुणी राहत नाही.

आणि हा दुसरा नियम नेहमी भला असतो असंही नाही. जातपंचायतीकडे तुरुंग नसतो, पोलीस नसतात, तरी तिने ठोठावलेला दंड माणसं कर्ज काढून भरतात. न भरल्यास वाळीत: लग्नाला बोलावणं नाही, मयतीला खांदा नाही, दुकानात किराणा नाही. मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध १९४९ मध्ये कायदा केला होता. तो दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या प्रकरणात धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राने नव्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. गरजेचा कायदा आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण तक्रार द्यायला आलेला माणूस जेव्हा सही करता करता थांबतो, तेव्हा तो दोन नियमांच्या मधे उभा असतो. एका नियमाच्या मागे सरकार आहे. दुसऱ्याच्या मागे त्याच्या मुलीचं लग्न आहे. सरकारचा नियम जिंकावा असं वाटत असेल तर शिक्षा वाढवून भागत नाही. सही केल्यानंतर त्या घरी किराणा देणारा दुकानदार, मयतीला येणारी चार माणसं उभी राहावी लागतात.

कोर्टाबद्दल एक अनुभव सांगायलाच हवा. पक्षकार हरल्यावर वरच्या कोर्टात जायचं की नाही हे ठरवताना फक्त पैशांचा हिशेब करतो असं मला आधी वाटायचं. तसं नाही. बांधाच्या वादात सपशेल हरलेला एक म्हातारा मला म्हणाला होता, "साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. नकाशा मला दाखवून विचारलं." त्याने अपील केलं नाही, पुढे बांधही कोरला नाही. उलट, जिंकलेले काही पक्षकार कडवट होऊन गेलेले पाहिलेत, कारण अकरा तारखांना त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. अमेरिकेत टॉम टायलर या अभ्यासकाने १९८४ मध्ये शिकागोतल्या १,५७५ लोकांशी बोलून जे मांडलं ते याच दिशेने जातं: पोलीस आणि न्यायालयं आपल्याशी न्याय्य रीतीने वागतात असं वाटणं, हे लोकांनी कायदा पाळण्यामागे शिक्षेच्या धास्तीपेक्षा मोठं कारण असतं. मला ते वाचून नवल वाटलं नाही, आधार वाटला.

शेवटी हक्कसोडपत्राबद्दल. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. देशभरात ही सुधारणा ९ सप्टेंबर २००५ ला आली. त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला ठरवून दिलं. पुस्तकातला नियम आता अगदी स्वच्छ आहे. आणि दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर कोणत्याही दिवशी जाऊन बसलात तर हक्क सोडायला आलेल्या बहिणी दिसतील. त्या कायदा मोडत नसतात. कायद्याने दिलेली शक्ती कायद्याच्याच रीतीने त्या भावाला देऊन टाकतात. बदल्यात साडीचोळी, आणि माहेरचं दार उघडं.

विद्यार्थ्याने हे नीट पाहावं. इथे एकाच बाकावर सगळे प्रकार असतात. काही बहिणी खरोखर मनाने देतात. भाऊ आई-वडिलांना सांभाळतोय, स्वतःचं सासर सुस्थितीत आहे, आणि हिशेब त्यांनी स्वतः केलेला असतो. काहींना आपला हिस्सा किती हेच माहीत नसतं. अशा वेळी मी भावाचा वकील असलो तरी दस्त वाचून दाखवताना गट नंबर, क्षेत्र आणि आजचा भाव मोठ्याने वाचतो. त्यावरून दोन कामं हातची गेली आहेत.

काही वर्षांपूर्वी एक पन्नाशीची बाई आली होती. दस्त वाचून झाला. निबंधकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, लिहून दिलेलं मान्य आहे का, सही राजीखुशीने करताय ना. ती म्हणाली, "हो, करावी लागते."

निबंधकांनी हात थांबवला आणि तिला बाहेर बसून विचार करायला सांगितलं. भाऊ चिडला, मग गप्प झाला. ती तासभर बाकावर बसली, पाणी प्यायली, आणि दस्त न करता एसटीने परत गेली. पुढच्या मे महिन्यात दोघं मिळून पुन्हा आली. या वेळी वाटपपत्र होतं, तिच्या नावाने विहिरीकडचा वीस गुंठ्यांचा पट्टा होता, आणि कसायला तो भावाकडेच राहणार होता. तेच निबंधक होते, तोच प्रश्न त्यांनी विचारला. तिने नुसतं "हो" म्हटलं आणि सही केली.